डेव्हिड कोन: बेसबॉलच्या माउंडवरून (चेंडू टाकायच्या उंचवट्यावरून) माइकवर. समालोचन ऐकताना नेमकं काय टिपायचं?

दोन_बाद

क्रिकेटच्या धाग्यावर बेसबॉल शिरला आणि मूळ विषय बाजूला पडला, म्हणून हा वेगळा धागा. तिथला प्रश्न असा होता: माजी पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) समालोचक झाला की बघणाऱ्याच्या पदरात जास्तीचं काय पडतं? न्यूयॉर्क यँकीज संघाचे सामने दाखवणाऱ्या येस नेटवर्क या टीव्ही वाहिनीवरचा डेव्हिड कोन हे उदाहरण धरू. 2022 मध्ये तो ईएसपीएनच्या रविवार रात्रीच्या सामन्यांवरही आला.

आधी कुंडली. जन्म 1963, कॅन्सस सिटी. उजव्या हाताचा पिचर, 1986 ते 2003. 194 विजय, 126 पराभव, 2668 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). 1994 ला कॅन्सस सिटी रॉयल्सकडून साय यंग पुरस्कार (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा). वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकल्याच्या पाच अंगठ्या: 1992 ची टोरंटोकडून, 1996, 1998, 1999 आणि 2000 च्या यँकीजकडून. 1988 मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून 20 विजय, मग थेट 1998 मध्ये पुन्हा 20. मधल्या नऊ मोसमांत त्या आकड्याला शिवला नाही.

आता ऐकायचं कसं? चेंडू कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू घेणाऱ्याच्या) हातात गेल्यावर कोणीही बोलतं. कोन चेंडू सुटायच्या आधी काय बोलतो ते ऐका. त्यासाठी काउंट (समोरच्या बॅटरला पडलेले बॉल आणि स्ट्राइक) सतत डोक्यात हवा. आधी बॉल (स्ट्राइक झोन म्हणजे बॅटरसमोरच्या साधारण गुडघा ते छाती उंचीच्या चौकटीबाहेरचा, त्याने सोडलेला चेंडू; चार झाले की बॅटरला पहिला बेस, म्हणजे धावेच्या चारपैकी पहिला टप्पा, फुकट), मग स्ट्राइक (हुकलेला किंवा झोनमधला सोडलेला चेंडू; तीन झाले की बाद). 0-2 म्हणजे पिचर वरचढ, तो मुद्दाम स्ट्राइक झोनच्या बाहेर टाकून बॅटरला लालूच दाखवणार. 3-1 म्हणजे बॅटर वरचढ, त्याला फास्टबॉलची खात्री असते. सगळ्यात नाजूक 1-1: पुढचा चेंडू स्ट्राइक गेला तर 1-2, बॉल गेला तर 2-1, आणि या दोन काउंटवर तोच बॅटर दोन वेगळी माणसं असल्यासारखा खेळतो. 1-1 ला समालोचक काय मागतो यावरून त्याची पारख होते.

शिवण

चांगला धागा. चेंडूचं गणित आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

माउंडवरच्या रबर पट्टीपासून होम प्लेट (बॅटरजवळची पाटी, धाव इथे पूर्ण होते) 60 फूट 6 इंच. पिचर पाय पुढे टाकून सोडतो, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवास 54-55 फुटांचाच. ताशी 95 मैल वेगाचा चेंडू साधारण 0.4 सेकंदात पोचतो. टप्पा नाहीच, क्रिकेटच्या भाषेत प्रत्येक चेंडू फुलटॉस. त्यामुळे जे काही वळायचं ते हवेतच. चेंडूचं वजन 5 ते 5¼ औंस, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका. शिवण मात्र क्रिकेटसारखी कमरपट्ट्यातून जात नाही, सगळ्या चेंडूभर नागमोडी फिरते, 108 दुहेरी टाके. म्हणून पकड बदलली की हवेला भिडणारी शिवण बदलते.

कोनची मुख्य हत्यारं तीन. फास्टबॉल: बोटं शिवणीवर आडवी, चेंडूला मागच्या दिशेने उलटी फिरकी. या फिरकीमुळे चेंडू गुरुत्वाकर्षणाने जितका पडायला हवा त्यापेक्षा 15-16 इंच कमी पडतो, बॅटरला तो उठल्यासारखा वाटतो. स्लायडर: तर्जनी-मधलं बोट जोडून चेंडूच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर. चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा काहीसा आसावर फिरत येतो आणि शेवटी बाजूला सरकतो. स्प्लिटर: दोन बोटं फाकवून चेंडू त्यांच्यात अडकवायचा. हात फास्टबॉलच्याच वेगाने येतो, पण फिरकी फार कमी पडते, म्हणून चेंडूला उचलणारं काही उरत नाही आणि तो प्लेटजवळ खाली बसतो.

बिघाड कुठे होतो तेही लिहितो, कारण कोन त्यावरच जास्त बोलतो. स्लायडर टाकताना मनगट लवकर फिरवलं तर चेंडूच्या मागे राहायच्या ऐवजी हात त्याच्या बाजूने घसरतो. मग चेंडू सरकत नाही, मध्यावर गोल गोल फिरत लटकतो. तोच पुढे प्रेक्षकांत सापडतो. स्प्लिटरमध्ये बोटं दमली की पकड सैल होते, चेंडू एकतर फार लवकर मातीत जातो किंवा छातीच्या उंचीवर राहतो. दुसरा प्रकार जास्त महाग.

रात्रपाळी

@शिवण, मग टीव्हीवर उजव्या पिचरचा स्लायडर सरळ का दिसतो? समालोचक 'काय तोडला' म्हणून ओरडतात आणि पडद्यावर चेंडू नाकासमोर चाललेला असतो.

तिरपा_कॅमेरा

उत्तर माझ्या नावातच आहे :)

मुख्य कॅमेरा सेंटर फील्डमागे (पिचरच्या पाठीमागे, मैदानाच्या लांबच्या टोकाला) असतो, पण अगदी रेषेत नसतो. रेषेत ठेवला तर पिचरच्या पाठीआड प्लेट झाकली जाईल. म्हणून बहुतेक मैदानांत तो लेफ्ट फील्डकडे (बॅटरच्या बाजूने बघताना डावीकडे) थोडा सरकवलेला असतो. पडद्यावर पिचर डावीकडे आणि प्लेट उजवीकडे दिसते ती त्यामुळेच. परिणाम असा की बाणासारखा सरळ चेंडूही पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाताना दिसतो.

उजव्या पिचरचा स्लायडर पडद्याच्या डावीकडे वळतो. कॅमेऱ्याने दिलेला उजवीकडचा कल आणि चेंडूचं खरं वळण एकमेकांना खातात, म्हणून तो सरळ भासतो. डाव्या पिचरचा स्लायडर उजवीकडे वळतो, तिथे दोन्ही एकाच दिशेला, म्हणून तो भयंकर दिसतो. बॅटरच्या दृष्टीने दोन्ही सारखेच त्रासदायक असू शकतात.

उपाय: चेंडूकडे बघूच नका. कॅचरचा ग्लोव्ह आधी कुठे होता आणि चेंडू घेताना कुठे गेला, एवढंच बघा. ग्लोव्ह जागचा हलला नाही तर पिचरने हवं तिथे टाकलंय. ग्लोव्ह शरीर ओलांडून दुसऱ्या टोकाला गेला तर स्ट्राइक मिळाला तरी तो चुकलेला चेंडू आहे. चांगला पिचर-समालोचक स्ट्राइकलाही नाक मुरडतो ते इथे.

पडद्यावरची चौकट हाही अर्धवट देव आहे. ती सपाट काढलेली असते, खरा झोन प्लेटच्या खोलीइतका जाड आहे. प्लेट 17 इंच रुंद, चेंडूचा व्यास तीन इंचाला जरा कमी. चेंडूची कड नुसती कोपऱ्याला शिवली तरी स्ट्राइक, म्हणजे चेंडूच्या दोन बाह्य कडा धरल्या तर पिचरला 22-23 इंच मिळतात.

खवचट

कौतुक चालू द्या, पण कोनसाहेबांचं माध्यमांतलं पदार्पण विसरू नका. 1988, नॅशनल लीगची (मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी एक) अंतिम मालिका, मेट्स विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. कोन तेव्हा न्यूयॉर्कच्या डेली न्यूजमध्ये सदर चालवत होता, शब्दांकन दुसऱ्याचं. पहिला सामना मेट्सने जिंकल्यावर त्या सदरात डॉजर्सच्या जे हॉवेलची शाळकरी पिचर म्हणून टर उडवली. दुसऱ्या सामन्यात पिचर कोण? कोन. डॉजर्सच्या खोलीत ते कात्रण फिरलं होतं. दोन इनिंगमध्ये (सामन्यात एरवी नऊ असतात) पाच धावा देऊन साहेब बाहेर. मेट्स सामना हरले आणि पुढे मालिकाही.

दुसरं. 30 एप्रिल 1990, अटलांटा. पहिल्या बेसवरचा निर्णय विरुद्ध गेला म्हणून कोन चेंडू हातात घेऊन अंपायरशी हुज्जत घालत उभा. खेळ थांबलेलाच नव्हता. त्याच्या पाठीमागून अटलांटाच्या ब्रेव्हज संघाचे दोन धावपटू एकामागून एक होम प्लेटवर येऊन धावा करून गेले. बाकीचे मेट्स खेळाडू बोंबलतायत आणि हा अंपायरला समजावतोय.

दोन_बाद

@खवचट, हे दोन्ही मान्य, आणि मला वाटतं धाग्याच्या विषयाला धरूनच आहे. माइकवर तो एखाद्या पिचरच्या चुकीवर बोलतो तेव्हा आधी चूक कशी घडली ते सांगतो, शेरा नंतर, कधी कधी येतच नाही. हॉवेल प्रकरणाची फी बरीच मोठी होती.

टिवल्याबावल्या

कोनच्या परफेक्ट गेमबद्दल (27 च्या 27 बॅटर बाद, एकही बेसवर नाही) कोणीच कसं लिहीत नाही?

शिवण

लिहितो. 18 जुलै 1999, यँकी स्टेडियम, समोर मॉन्ट्रियल एक्सपोज. त्या दिवशी योगी बेराचा सत्कार होता. 1956 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये परफेक्ट गेम टाकणाऱ्या डॉन लार्सनने मानाचा पहिला चेंडू त्या वेळचा त्याचा कॅचर बेराकडे टाकला. बेराने त्यासाठी कॅचर जो जिरार्डीचा ग्लोव्ह मागून घेतला होता. मग तोच ग्लोव्ह घालून जिरार्डी कोनचे चेंडू घ्यायला बसला.

सामना बघताना लक्ष ठेवायची जागा म्हणजे चेंडूंची संख्या. 27 बॅटर, 88 चेंडू, त्यातले 68 स्ट्राइक. एकाही बॅटरला तीन बॉलपर्यंत पोचू दिलं नाही. मला हा आकडा 27 बादपेक्षा मोठा वाटतो. 10 स्ट्राइकआउट. तिसऱ्या इनिंगमध्ये पावसाने 33 मिनिटं खेळ थांबला. एवढ्या वेळात खांदा थंड पडतो, म्हणून कोन मधेच उठून बॅटबॉयबरोबर चेंडू टाकत राहिला. उकाडा मरणाचा होता, तो मात्र खांद्याच्या कामी आला असणार.

चेंडूफेक काय होती? झोनमधून सुरू होऊन बाहेर पळणारा स्लायडर, पुन्हा पुन्हा. संघ तरुण, त्यात दुसऱ्या लीगमधला, त्यांना कोन ओळखीचा नाही. मधूनच तो हात खाली आणून जवळजवळ बाजूने स्लायडर सोडायचा. त्या कोनाला (श्लेष अनवधानाने झाला) तो 'लारेडो' म्हणायचा. उजव्या बॅटरला असा चेंडू आधी आपल्या बरगड्यांकडे येतोय असं वाटतं, तो मागे झुकतो आणि चेंडू प्लेटवरून जातो. पहिल्या इनिंगमध्ये राइट फील्डला पॉल ओ'नीलने झेपावून घेतलेला झेल आणि आठव्यात सेकंड बेसवर नॉब्लॉकने अडवलेला चेंडू, हे दोन नसते तर आज हा प्रतिसाद नसता. शेवटचा बाद ओर्लांडो कॅब्रेरा, थर्ड बेसजवळ उंच उडालेला झेल. 6-0. मेजर लीगच्या इतिहासातला तो 16 वा.

आणि पुढच्याच मोसमात, 2000 साली: 4 विजय, 14 पराभव, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यातल्या धावा) 6.91. हाच स्लायडर, हाच मेंदू. त्याचं परफेक्ट गेमचं विश्लेषण ऐकाच, पण धारच गेलेली असताना पिचर काय काय करून बघतो हे सांगायला 2000 चा अनुभव त्याला जास्त उपयोगी पडत असावा.

सातवी_इनिंग

त्याच्या आयुष्यातला एक चेंडू समजला की त्याचं समालोचन उलगडतं असं माझं मत. 8 ऑक्टोबर 1995, सिएटल, किंगडोम. यँकीज विरुद्ध सिएटल, पाच सामन्यांच्या मालिकेतला पाचवा. आठव्या इनिंगला कोन माउंडवर, यँकीज 4-2 पुढे. सिएटलच्या ग्रिफीने होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारला, 4-3. मग बेस भरले, म्हणजे तिन्हींवर धावपटू. समोर डग स्ट्रेंज, काउंट 3-2. बॉल गेला तर तो चौथा, सगळे एकेक बेस पुढे आणि बरोबरी.

पर्याय काय होते? फास्टबॉल झोनमध्ये टाकायचा, तो मारला तर दोन-तीन धावा. किंवा स्प्लिटर, जो स्ट्राइकसारखा येतो आणि गुडघ्याखाली जातो. यात गोम अशी की उत्तम स्प्लिटर हा मुळात बॉलच असतो. बॅटरने बॅट फिरवली तरच त्याचा फायदा. कोनने स्प्लिटर टाकला. चेंडू खाली गेला, स्ट्रेंजने बॅट हलवली नाही, 4-4. कोनचा तो 147 वा चेंडू होता. त्यानंतर यँकीजचा पिचर रिव्हेरा आला आणि त्याने पुढचा बॅटर तीन चेंडूंत बाद केला. अकराव्या इनिंगला एडगर मार्टिनेझच्या डबलवर (दुसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्यावर) सिएटल 6-5 ने जिंकलं.

निवड चूक होती का? माझ्या मते निवड बरोबर, हात संपलेला. 147 चेंडूंनंतर बोटांत स्प्लिटर घट्ट धरणारी पकड राहत नाही, तो जरा लवकर बुडतो आणि बॅटरला वाचता येतो. म्हणून आज एखादा पिचर नव्वद चेंडूंच्या पुढे गेला की कोन स्पीडचा आकडा सोडून चेंडू कुठे सुटतोय ते बघायला सांगतो ते ऐका. वेग शेवटपर्यंत टिकू शकतो. आधी ढासळते ती सोडण्याची जागा: हात दोन-तीन इंच खाली येतो, चेंडू हाताच्या बाजूला वर निसटायला लागतो. असे लागोपाठ दोन दिसले की बुलपेनकडे (बदली पिचर तयारी करतात तिकडे) बघा.

खवचट

आणि तरी हे माजी पिचर 'आमच्या वेळी' चा राग आळवतातच. ब्रेव्हजचा माजी पिचर, आता समालोचक, जॉन स्मोल्ट्झ घ्या.

सातवी_इनिंग

स्मोल्ट्झचा सूर वेगळा आहे, पण त्याला नुसतं रडगाणं म्हणणं अन्याय. 213 विजय आणि 154 सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने), म्हणजे सुरुवात करणं आणि शेवट करणं दोन्ही केलेला माणूस. 200 विजय आणि 150 सेव्ह असलेला दुसरा पिचर नाही. त्याचा कल पिचरला ठेवण्याकडे असतो. 2020 च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना त्याच्याच समालोचनात झाला: टँपा बे रेजच्या ब्लेक स्नेलला 73 चेंडूंवर, 9 स्ट्राइकआउट झालेले असताना, 1-0 पुढे असताना काढलं. डॉजर्सची फळी तिसऱ्यांदा त्याच्यासमोर येत होती, आणि तिसऱ्या फेरीला बॅटर सुधारतात हे आकड्यांनी दाखवलेलं आहे. रेज 3-1 ने हरले.

इथे कोन आणि स्मोल्ट्झ यांच्यातला फरक कळतो. स्मोल्ट्झ आकड्याला दबकून असतो. कोन आकडा घेतो आणि त्यामागचं बोट दाखवतो. फिरकीचे फेरे मिनिटाला 2300 वरून 2100 वर आले असं पडद्यावर आलं, तर तो घाम, पकड, थंडी, चेंडूची शिवण असं काहीतरी हाताला लागणारं कारण शोधतो. स्टॅटकास्टने (मेजर लीगची चेंडू मोजणारी यंत्रणा) 2023 पासून 'स्वीपर' हा वेगळा प्रकार मोजायला घेतला: खाली कमी पडणारा, बाजूला फूटभर किंवा जास्त वाहणारा स्लायडर. जुने खेळाडू त्याला 'आम्ही हेच टाकायचो' म्हणून उडवून लावतात. कोनचा बाजूने सुटणारा स्लायडर त्याच घराण्यातला वाटतो, पण नव्यांना तो ठरवून, मोजून घडवता येतो हे तो मान्य करतो.

गॅलरीतला

माजी पिचर समालोचकांचा मूळपुरुष डिझी डीन, त्याची हजेरी लावतो. सेंट लुईस कार्डिनल्सचा, 1934 ला 30 विजय. 1937 च्या ऑलस्टार सामन्यात चेंडू लागून पायाचं बोट मोडलं, ते नीट बरं होण्याआधी खेळला, पायाला जपत टाकताना खांद्याची वाट लागली. सेंट लुईसला रेडिओवर गेला. इंग्रजी व्याकरणाशी त्याचं जन्माचं वैर, मिझुरीतल्या शिक्षकांनी 1946 मध्ये तक्रार केली होती. तिथल्याच ब्राउन्स संघाचे पिचर इतके वाईट टाकतात, मी यापेक्षा बरा टाकीन, असं तो माइकवर बोलत राहिला. 28 सप्टेंबर 1947 ला, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, ब्राउन्सने त्याला खरंच उतरवलं. चार इनिंग, शून्य धावा, वर स्वतः एक हिट, आणि धावताना पायाचा स्नायू धरला. परत केबिनमध्ये.

कोननेही तेच केलं, मात्र कमी मजेशीर. 2002 ला येसवर समालोचन, 2003 ला पुन्हा मेट्सकडून माउंडवर. पाच सामने, 1 विजय, 3 पराभव. कंबरेच्या सांध्याने साथ सोडली, मे महिन्यात निवृत्त.

रात्रपाळी

2023 नंतर हे लोक कमी बोलतात असं वाटतं, की भास?

तिरपा_कॅमेरा

भास नाही. पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आलं. बेस रिकामे असतील तर 15 सेकंद, धावपटू असेल तर 20, आणि 2024 पासून 18. सामन्याचा सरासरी वेळ 2022 ला 3 तास 4 मिनिटं होता, 2023 ला 2 तास 40 मिनिटं. समालोचनाची तऱ्हा अशी असते: मुख्य निवेदक घटना सांगतो, तज्ज्ञाला मधली फट मिळते. त्या फटीत रिप्ले, धावसंख्या, जाहिरातीची ओळ हेही बसवायचं. तज्ज्ञाच्या वाट्याला सहा-सात सेकंद उरतात. पूर्वी मावणारं लांब विश्लेषण आता इनिंग बदलताना किंवा पिचर बदलताना येतं. तज्ज्ञाचं वाक्य पुढच्या चेंडूवर सांडलं की मुख्य निवेदकाचा सूर जातो. कोन वाक्य अर्धवट सोडून देतो आणि दोन चेंडूंनंतर तिथूनच उचलतो, ते लक्ष देऊन ऐका.

2022 पासून पिचकॉमही आलं. कॅचर बटण दाबतो, पिचरच्या टोपीत आवाज येतो. त्यामुळे सेंटर फील्डच्या कॅमेऱ्यातून बोटांच्या खुणा वाचून चेंडू ओळखायचा जुना मार्ग बराचसा बंद झाला. आता समालोचकाला खरंच अंदाज बांधावा लागतो.

शिवण

खुणा गेल्या तरी पिचरचा हात चुगली करतो, ती बघायची सवय लावा. तीन जागा:

ग्लोव्हमध्ये स्प्लिटरसाठी बोटं फाकवताना ग्लोव्हचं तोंड किंचित रुंदावतं. फास्टबॉलला नाही.

टाकण्यापूर्वी क्षणभर थांबताना हात कमरेच्या पट्ट्याशी की छातीशी. प्रकारागणिक उंची बदलली की संपलं. 2001 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात यँकीजच्या अँडी पेटिटचे चेंडू अ‍ॅरिझोनाला असेच आधी कळत होते असं नंतर सर्वत्र सांगितलं गेलं. तो दोन इनिंग टिकला, यँकीज 15-2 ने हरले.

मनगट. ग्लोव्हबाहेर दिसणारा मनगटाचा भाग कमी-जास्त होणं.

पिचर बॅटरची बॅट सोडून ग्लोव्हच्या आत वारंवार बघत असेल, तर त्याला स्वतःलाच शंका आलीय असं समजा.

टिवल्याबावल्या

यँकीजचे घरचे सामने भारतात किती वाजता?

दोन_बाद

उन्हाळ्यात तिकडचे संध्याकाळचे 7:05 म्हणजे आपले पहाटेचे 4:35. नव्याने बघणार असाल तर पहिल्या दोन इनिंग आवाज बंद करून फक्त कॅचरचा ग्लोव्ह बघा, आणि प्रत्येक 1-1 ला मनात चेंडू ठरवा. तिसऱ्या इनिंगला आवाज सुरू करा. तोवर चहाही झालेला असतो.